डीएससी म्हणते १६० अंश, मग थप्पीत ६५ अंशांच्या मालातून धूर कसा?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. तळोज्याच्या कारखान्यात एक सेंद्रिय पावडर तुम्ही कित्येक वर्षं ट्रे ड्रायरमध्ये सुकवत होतात, रात्रभर गार होऊ देत होतात आणि २५ किलोच्या ड्रममध्ये भरत होतात. कधी काही झालं नाही. मे महिन्यात नवा एफबीडी (फ्लुइड बेड ड्रायर, गरम हवेच्या झोतावर पावडर तरंगती ठेवून सुकवणारं यंत्र) आला आणि माल ६५ अंशांवरच थेट ५०० किलोच्या जंबो बॅगेत जायला लागला. आठ बॅगांची थप्पी, खाली चार, वर चार. मेमध्ये रचलेल्या थप्प्या सुखरूप निघाल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात रचलेल्या थप्पीवर मात्र पत्रा गळतोय म्हणून ताडपत्री टाकली, आणि सतराव्या दिवशी जळका वास आला. थप्पी मोडली तेव्हा एका बॅगेचा कोपरा धुमसत होता, आणि तो कोपरा बाहेरचा नव्हता, थप्पीच्या पोटाकडचा होता. लॅबच्या डीएससी रिपोर्टात (चिमूटभर माल तापवत नेऊन तो कुठे उष्णता सोडू लागतो ते पाहणारी चाचणी) उष्णता सुटायला सुरुवात, म्हणजे ऑनसेट, १६० अंशांना. मॅनेजर म्हणतात कुणीतरी बिडी टाकली. तुम्ही विचारता, लॅब चुकली का?

लॅब चुकलेली नाही. आणि बिडी बाहेरून पेटवते, थप्पीच्या पोटात शिरून नाही. तुम्ही कोपऱ्याची जागा लिहून ठेवलीत हे फार चांगलं केलंत. निम्मं उत्तर त्यातच आहे.

पण आधी तातडीचं. त्याच महिन्यात भरलेल्या बाकीच्या थप्प्या अजून उभ्या असतील तर आजच ताडपत्री काढा आणि बॅगा सुट्या करा, दोन बॅगांमध्ये माणूस सहज चालेल एवढी जागा सोडून. हलवण्याआधी प्रत्येक बॅगेत लांब दांड्याचं थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) मध्यापर्यंत घालून तापमान लिहून घ्या. बाहेरून हात लावून काही कळत नाही, पावडर स्वतःच उत्तम लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं वेष्टण, असते. सोबत कार्बन मोनॉक्साइडचा मीटर ठेवा. धूर दिसायच्या बराच आधी तो बोलायला लागतो. एखादी बॅग धुमसतेय असं वाटलं तर ती तिथेच कापून पाहू नका. आत हवा कमी म्हणून ती नुसती धुमसतेय. कापलीत की तिला हवा मिळते, वर धूळ उडते, आणि धुमसण्याची ज्वाळा व्हायला वेळ लागत नाही. पावडर पाण्याशी भांडत नाही याची खात्री असेल तर बारीक फवारा तयार ठेवा. जोरदार जेट नको, तो धूळ उडवतो.

आता कारण. लहानपणी आजोळी आंबे आढीत घातलेले पाहिले असतील तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेंढ्यात हात घातल्यावर लागणारी ऊब आठवत असेल. एक सुटा आंबा फळीवर ठेवला तर तो कधी कोमट लागत नाही. तोही तेवढीच उष्णता सोडत असतो, पण ती लगेच निघून जाते. आढीतल्या आंब्याला मात्र शेजारीही ऊबच असते. तुमच्या पावडरचंही तसंच आहे. पेटण्याचं तापमान म्हणून जे आपण रजिस्टरमध्ये लिहितो ते पावडरचं नसतं, थप्पीचं असतं.

हा विचार जुना आहे. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय सेम्योनोव्ह यांनी १९२८ च्या सुमारास तो नीट मांडला. साखळी अभिक्रियांवरच्या कामासाठी त्यांना १९५६ चं नोबेल ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हिन्शेलवूड यांच्यासोबत मिळालं. मांडणी साधी आहे. अभिक्रियेतून सुटणारी उष्णता तापमानाबरोबर घातांकाने वाढते. बाहेर जाणारी उष्णता मात्र तापमानाच्या फरकाच्या प्रमाणात, म्हणजे सरळ रेषेत वाढते. आलेखावर पहिलीचा वक्र निघतो, दुसरीची रेषा; जोवर रेषा वक्राला कुठेतरी छेदते तोवर ढीग किंचित कोमट राहून स्थिरावतो. वक्र रेषेच्या वर निघून गेला की थांबायला जागाच उरत नाही. १९३९ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ फ्रँक-कामेनेत्स्की यांनी पुढची पायरी गाठली. त्यांनी धरलं की ढिगात आतून बाहेर तापमान सारखं नसतं, उष्णता पावडरमधून वहनाने झिरपत बाहेर येते. मग त्यांनी एक संख्या काढली, तिला डेल्टा म्हणतात. डेल्टाच्या अंशस्थानी उष्णता निर्मितीचा दर आणि ढिगाच्या निम्म्या जाडीचा वर्ग. छेदस्थानी पावडरची उष्णतावाहकता. पसरट थरासाठी डेल्टा ०.८८ च्या वर गेला, लांब सिलिंडरसाठी २ च्या वर, गोळ्यासाठी ३.३२ च्या वर, की ढीग स्वतःला सावरू शकत नाही. घन आकारासाठी साधारण अडीच धरतात.

त्या सूत्रातला वर्ग लक्षात ठेवा. जाडी दुप्पट केलीत तर धोका चौपट.

हिशोब करून पाहू. आकडे मी समजावण्यापुरते धरतोय, तुमच्या पावडरचे मोजून काढावे लागतील. समजा ६५ अंशांना पावडर किलोमागे फक्त १० मिलिवॅट उष्णता सोडते. हे किती? सगळी उष्णता आतच राहिली तरी तापमान दिवसाला जेमतेम पाऊण अंश चढेल. कुणाच्या लक्षातही येणार नाही. घनता घनमीटरला ५०० किलो, वाहकता ०.१ वॅट प्रति मीटर-अंश, सक्रियण ऊर्जा (तापमान वाढलं की अभिक्रिया किती झपाट्याने वाढते ते ठरवणारा आकडा) मोलमागे १०० किलोज्यूल धरू. म्हणजे या तापमानाला दर साडेसहा अंशांना वेग दुप्पट होतो. एक सुटी जंबो बॅग साधारण एक मीटरचा घन आहे, निम्मी जाडी अर्धा मीटर. डेल्टा येतो १.३. सुरक्षित. आता त्याच आठ बॅगा एकमेकींना चिकटवून ठेवल्या. उष्णतेच्या दृष्टीने त्या आठ बॅगा राहत नाहीत, दोन मीटरचा एकच घन होतो. डेल्टा ५.३. अडीचच्या दुप्पट! म्हणून तुमचा धूर बॅगेच्या मध्यातून आला नाही, थप्पीच्या मध्यातून आला. तो कोपरा म्हणजे आठ बॅगांचा मिळून मध्यबिंदू.

तुम्ही म्हणाल, पण बाहेर तर ६५ अंश नव्हते, गोडाऊनमध्ये फार तर ३५-३८. बरोबर, आणि डेल्टाचा हा हिशोब भोवताल ६५ अंशांवर असल्याचं धरतो. म्हणजे तुम्हाला थोडी सवलत आहे. पण ती सवलत मध्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. पावडरमधून उष्णता किती सावकाश झिरपते याचा अंदाज निम्म्या जाडीच्या वर्गाला औष्णिक विसरणशीलतेने (तापमानातला बदल पदार्थात किती वेगाने पसरतो तो आकडा) भागलं की येतो. वरच्या आकड्यांनी सुट्या बॅगेचा मध्य, त्याच्या आणि भोवतालच्या फरकापैकी निम्मा फरक गमवायला सुमारे तीन दिवस घेतो. थप्पीचा मध्य तेवढ्यालाच तेरा दिवस घेतो. आणि किलोमागे १० मिलिवॅट सोडणारी पावडर, उष्णता अजिबात बाहेर गेली नाही तर, ६५ वरून हाताबाहेर जायला किती घेते? तेही तेरा दिवसांच्या आसपास. बॅग सुटी असती तर गार होण्याने शर्यत आरामात जिंकली असती. थप्पीत दोघं बरोबरीने धावत होते. अशा वेळी निकाल कुठल्यातरी किरकोळ गोष्टीवर लागतो. ती किरकोळ गोष्ट जूनमध्ये घडली, तिच्याकडे येतोच.

त्याआधी डीएससी. तिच्यात पावडर असते काही मिलिग्रॅम, तापवण्याचा वेग मिनिटाला ५ किंवा १० अंश. अशा रनमध्ये किलोमागे दहा-वीस वॅटच्या खाली काही घडत असेल तर ते बेसलाइनच्या थरथरीत हरवून जातं. तुमच्या थप्पीला घाबरायला दहा मिलिवॅट पुरतात, म्हणजे हजार पटींनी कमी. वरचेच आकडे घेऊन १६० अंशांचा दर काढला तर तो किलोमागे २५ वॅट येतो. म्हणजे १६० ला दिसणं आणि ६५ ला धुमसणं यात विसंगती कुठेच नाही, दोन्ही एकाच अभिक्रियेची रूपं आहेत. 'ऑनसेटमधून १०० अंश वजा केले की सुरक्षित' हा नियम आमच्या पिढीने डोळे झाकून वापरला. लहान रिअॅक्टरला तो बऱ्याचदा तारून नेतो, टनावारी पावडरच्या थप्पीला नाही.

आणखी एक. डीएससीची क्रुसिबल, म्हणजे नमुना ठेवायची इवलीशी कुपी, बंद होती ना? बहुतेक बंदच असते. बंद क्रुसिबलमध्ये प्राणवायू नगण्य. तुमची पावडर हवेतल्या प्राणवायूने तापत असेल तर ती अभिक्रिया त्या रिपोर्टात आलेलीच नाही!

इथून पदार्थांच्या वहनाचा भाग सुरू होतो. हवा आत येणं, वाफ बाहेर जाणं, ओलावा इकडून तिकडे सरकणं. बहुतेक सेफ्टी ट्रेनिंगमध्ये हा भाग गाळतात, कारण त्याची स्लाइड बनवायला कंटाळा येतो.

पहिला प्रश्न हा विचारायचा: अभिक्रियेला बाहेरची हवा लागते की नाही? कोळसा, लाकडी भुसा, तेलकट चिंध्या, दूध पावडर, बऱ्याच सेंद्रिय पावडरी यांना लागते. सेंद्रिय पेरॉक्साइड, अॅझो संयुगं, नायट्रो संयुगं, अमोनियम नायट्रेट यांना लागत नाही. ती स्वतःतच मोडतात. दुसऱ्या गटाला नायट्रोजन ब्लँकेट (हवेऐवजी नायट्रोजनचं आवरण) दिलंत तर मनाला बरं वाटतं, एवढाच उपयोग. त्यांच्यासाठी उपाय एकच, तापमान आणि पॅकिंगचा आकार. म्हणूनच त्यांच्या वाहतुकीचे नियम पॅकेजसकट लिहिलेले असतात: ५० किलोच्या पॅकेजचं आतलं तापमान सात दिवसांत भोवतालच्या ६ अंश वर जायला लावणारं कमीत कमी भोवतालचं तापमान, म्हणजे एसएडीटी. पॅकेज मोठं केलंत की तो आकडा खाली येतो, हे विसरून जुन्याच आकड्यावर जंबो बॅग भरणारे मी पाहिलेत.

पहिल्या गटाचा हिशोब मात्र मजेशीर आहे. तुमच्या जुन्या ड्रमची मोठी आवृत्ती घेऊ. झाकण घट्ट बंद असलेला २०० लिटरचा ड्रम, आत १०० किलो पावडर. दाण्यांमधल्या फटी धरून शंभर लिटर हवा असेल, तिच्यात प्राणवायू सुमारे २७ ग्रॅम. सेंद्रिय पदार्थ एक ग्रॅम प्राणवायू वापरून साधारण १३ किलोज्यूल देतात, पदार्थ कुठलाही असो, आकडा फारसा हलत नाही. म्हणजे ड्रममधला सगळा प्राणवायू संपला तरी मिळणार ३५० किलोज्यूल, आणि त्यात १०० किलो पावडर तापणार जेमतेम तीन अंश. बस्स. तुमचे ड्रम इतकी वर्षं का गप्प राहिले? एक तर लहान आणि गार होते, शिवाय त्यांची हवा संपत होती.

विणलेल्या जंबो बॅगेची हवा संपत नाही. ती श्वास घेते. आणि लागते तरी किती? चार टनांची थप्पी किलोमागे १० मिलिवॅटने एकूण ४० वॅट उष्णता निर्माण करते, घरातला जुना पिवळा बल्ब. त्यासाठी तासाला सुमारे ११ ग्रॅम प्राणवायू, म्हणजे ४० लिटर हवा. दोन-तीन बादल्या. बॅगा पोटाने गोल असतात, त्यामुळे थप्पीत चार बॅगांच्या मध्ये उभी फट राहते, धुराड्यासारखी. ती फट आतल्या कोपऱ्यांना दोन-तीन बादल्या हवा आरामात पुरवते, पण गार करण्याइतका वारा देत नाही. वर ताडपत्री. ताडपत्रीने प्राणवायू अडत नाही, कडेने येतोच; अडतो तो वारा. म्हणजे पोषण चालू आणि पंखा बंद.

कोळशाच्या ढिगाऱ्यातही हेच दिसतं. आग सगळ्यात आत लागत नाही, तिथे हवाच पोचत नाही; पृष्ठभागावरही लागत नाही, तिथे वारा आहे. वाऱ्याच्या बाजूने काही अंतर आत, जिथे हवा पोचते पण उष्णता निघत नाही, तो पट्टा तापतो. म्हणून कोळसा चांगला दाबून ठेवतात. अर्धवट दाबलेला ढीग सैल ढिगापेक्षा वाईट निघू शकतो.

आता जून. मेच्या थप्प्या वाचल्या आणि जूनची पेटली, हे ऐकून तुमच्या मॅनेजरना बिडी आठवली. मला दमट हवा आठवली. गोडाऊन उलट जूनमध्ये थोडं गारच झालं होतं ना? पण एफबीडीमधून निघालेली पावडर ट्रे ड्रायरच्या मालापेक्षा जास्त कोरडी असते. अशी हाडकोरडी पावडर तळोज्याची पावसाळी हवा पाहिली की पाणी ओढते. वाफ दाण्यावर बसताना ग्रॅममागे साधारण अडीच किलोज्यूल सोडते. मालाने वजनाच्या फक्त ०.३ टक्के ओलावा घेतला तर किलोमागे साडेसात किलोज्यूल; पावडर सहा अंशांनी तापते. सहा अंश म्हणजे अभिक्रियेचा वेग जवळजवळ दुप्पट. एक टक्का घेतला तर वीस अंश. लॅब तोच माल कार्ल फिशरवर (पाण्याचं प्रमाण मोजणारी चाचणी) ओके देईल, कारण ०.३ टक्के तुमच्या स्पेसिफिकेशनमध्ये बसत असणार. बरोबरीच्या शर्यतीत एवढा धक्का पुरतो. हा ओलावा थप्पीच्या पोटात मागाहून शिरला असं मला वाटत नाही. भरतानाच, एफबीडीच्या बाउलमधून बॅगेत ओतताना आणि न्यूमॅटिक कन्व्हेइंगच्या (नळीतून माल ढकलत नेणाऱ्या) हवेतून, तो बसला असेल. तुमच्या कन्व्हेइंगची हवा कोरडी केलेली आहे का ते मला कळवा.

ओलावा दोन्ही बाजूंनी खेळतो, हे डोक्यात पक्कं बसायला हवं. तोच ओलावा ड्रायरमध्ये तुमचा रखवालदार असतो. एफबीडीत हवा ८५-९० अंशांनी येते तरी माल चाळीस-पंचेचाळीसवर अडून राहतो, कारण येणारी उष्णता पाणी उडवण्यात खर्च होते. शंभर अंशांना एक किलो पाणी उडायला २,२६० किलोज्यूल लागतात, कमी तापमानाला थोडे जास्तच. पाणी संपलं की मालाचं तापमान एकदम हवेच्या मागे धावतं. तिथे ऑपरेटर चहाला गेलेला असू नये. पण एफबीडीत ९० अंशांनाही माल पेटत नाही आणि थप्पीत ६५ ला पेटतो, याचं कोडं वाटून घेऊ नका. एफबीडीत प्रत्येक दाण्याभोवती वारा आहे, तिथे ढिगाची जाडी म्हणजे दाण्याची जाडी. ड्रायरच्या कोपऱ्यात, गॅस्केटमागे, फिल्टर बॅगेच्या शिवणीत चिकटून महिनोन्महिने बसलेला थर ही वेगळी गोष्ट; तो थर खरंच पेटतो. गरम पृष्ठभागावर धुळीच्या ५ मिलिमीटर थराचं पेटण्याचं तापमान मोजतात आणि उपकरणाचा पृष्ठभाग त्याच्या ७५ अंश खाली ठेवायला सांगतात. थर जाड झाला की तो आकडा घसरतो. ५ मिलिमीटरचा रिपोर्ट पाच सेंटिमीटरच्या थराला लावू नका.

वाफ निघून जाण्याचं महत्त्व मला कळलं ते पुस्तकातून नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात होतो. थर्मिक फ्लुइडच्या (उष्णता वाहून नेणाऱ्या तेलाच्या) लाइनवर एका फ्लँजमधून (पाइपच्या बोल्ट लावलेल्या जोडातून) तेल पाझरत होतं, थेंबभर. लाइन २४० अंशांवर. मिस्त्रींनी सांगितलं होतं की लॅगिंगमधून वास येतोय. मी तेलाची डेटाशीट काढली, स्वयंप्रज्वलन तापमान साडेतीनशेच्या वर. मी म्हटलं, काही होणार नाही. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त एक्स्टिंग्विशर आणून जवळ ठेवला. दुसऱ्या दिवशी मीच लॅगिंगचं आवरण उघडायला लावलं, आणि आतून भक्कन ज्वाळा आली. भुवया गेल्या, बाकी वाचलो.

डेटाशीटचा आकडा काचेच्या फ्लास्कमध्ये मोजलेला असतो. मिनरल वूलमध्ये तेच तेल लाखो तंतूंवर पातळ पसरतं. पृष्ठभाग प्रचंड, हवा तंतूंमधून झिरपतेय, उष्णता बाहेर जाऊ नये हे तर लॅगिंगचं कामच. तेल हलकं असतं तर पेटायच्या आधी वाफ होऊन उडून गेलं असतं, जाताना उष्णताही घेऊन गेलं असतं. पेट्रोलने भिजलेली चिंधी आपोआप तापत नाही ती याचसाठी. जवसाच्या तेलाची तापते. थर्मिक फ्लुइड उडत नाही, म्हणून तिथेच बसून ऑक्सिडाइज होत राहतं. आणि मी आवरण उघडलं तेव्हा कमी पडत असलेली एकच गोष्ट पुरवली, ती म्हणजे हवा. तेव्हापासून फ्लँजेस लॅग न करता उघडे ठेवा किंवा तिथे बंद छिद्रांचं फोम ग्लास वापरा, असं सांगत फिरतो. ऊर्जा ऑडिटवाले माझ्यावर रागावतात. रागावू देत.

तुमच्या शेजारच्या फार्मा ब्लॉकमध्ये पॅलेडियम-कार्बन हा उत्प्रेरक वापरत असतील, तर हीच गोष्ट तिथे काही सेकंदांत घडते. हायड्रोजनेशन झाल्यावर नटश फिल्टरवर (व्हॅक्यूमने गाळणाऱ्या भांड्यात) मेथॅनॉलने ओला केक, म्हणजे गाळून उरलेला उत्प्रेरकाचा थर, असतो. मेथॅनॉल उडतंय तोवर केक गार. व्हॅक्यूमने हवा ओढत ठेवलीत की केक सुकतो, गारवा संपतो, आणि त्याच क्षणी हवेला उत्प्रेरकावर शोषलेला हायड्रोजन मोकळा सापडतो. भोवती मेथॅनॉलची वाफ आहेच. म्हणून नायट्रोजनखाली फिल्टर करायचं, हवा लागण्याआधी पाण्याने धुवायचं आणि वापरलेला केक कायम ओला ठेवून पाठवायचा. रॅनी निकेल या उत्प्रेरकाचंही तेच. व्हेंटवरच्या कार्बन बेडमध्ये कीटोन शोषले जात असतील तर ते बेडही आतून तापतात. नवा, कोरडा कार्बन भरल्यानंतरचे पहिले काही तास जास्त लक्ष द्या.

बाहेरून उष्णता देऊन पेटवणं हा वेगळा विषय आहे, तुमच्या घटनेशी त्याचा संबंध कमी, म्हणून थोडक्यात आटपतो. लाकडासारख्या पदार्थावर उष्णतेचा मारा चौरस मीटरला साधारण १२ किलोवॅटच्या वर गेला आणि जवळ ठिणगी असली तर पृष्ठभागातून पुरेसा ज्वलनशील वायू सुटून तो पेटतो. भर दुपारचं ऊन सुमारे एक किलोवॅट असतं. जाड ओंडक्याला वेळ लागतो आणि कपच्या लगेच पेटतात, कारण ओंडका पृष्ठभागाची उष्णता आत ओढून नेतो. चूल पेटवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे.

आतून धुमसणाऱ्या मालाचा मुंबईतला सगळ्यात मोठा दाखला १४ एप्रिल १९४४ चा. व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकिन जहाजात कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र होता. दुपारी धूर दिसला, पाण्याचा मारा सुरू झाला, आणि चारनंतर जहाज उडालं. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. तुमच्याकडेही त्या आठवड्यात मॉक ड्रिल होत असेल, होजरील ताणून फोटो काढत असतील. दाबून बांधलेल्या कापसाच्या गासडीत पाणी सहज शिरत नाही, आणि तंतूंमध्ये अडकलेली हवा धुमसणं चालू ठेवते. बाहेरून आग विझल्यासारखी दिसली म्हणून माल थंड झाला असं धरू नये. तुमच्या त्या एका बॅगेवर पाणी मारून ती बाजूला ठेवली असेल तर मध्यातलं तापमान निदान तीन-चार दिवस रोज पाहा.

आता पुढचं काय. पॅकिंगच्या आधी माल गार करा, यावर मी तडजोड करणार नाही. एफबीडीतच शेवटची वीस-पंचवीस मिनिटं गरम हवा बंद करून गार हवा द्या, माल ४० च्या खाली येईपर्यंत. पण ती हवा कोरडी हवी, नाहीतर पावसाळ्यात गार करता करताच ओलावा बसवाल. प्रॉडक्शनवाले बॅचचा वेळ वाढतो म्हणतील. ६५ वरून ४० वर आणलं की आपल्या आकड्यांनुसार दर सुमारे सतरा पटींनी घटतो, तेवढं त्यांना दाखवा. थप्पी एकावर एक न रचता बॅगा सुट्या ठेवा, मध्ये हवा खेळू द्या, आणि गळका पत्रा दुरुस्त करा; छपराचं काम ताडपत्रीचं नव्हे. बॅगेच्या आतल्या घट्ट लायनरने (प्लॅस्टिकच्या अस्तराने) प्राणवायू अडेल, पण माल हवेशिवायही मोडणारा निघाला तर त्या लायनरच्या भरवशावर राहाल, म्हणून आधी चाचणी.

लॅबकडे मागायची ती चाचणी अशी. जाळीच्या घनाकृती पेट्या, २.५, ५ आणि १० सेंटिमीटरच्या. त्यांत माल भरून हवा खेळत्या ओव्हनमध्ये ठेवायचा, मध्यात थर्मोकपल, आणि प्रत्येक आकाराला किती ओव्हन तापमानाला तो सुटतो, म्हणजे आपोआप तापत हाताबाहेर जातो, ते शोधायचं. तीन आकारांचे तीन आकडे मिळाले की फ्रँक-कामेनेत्स्कींच्या सूत्राने मोठ्या ढिगाचा अंदाज काढता येतो. उदाहरणार्थ, १० सेंटिमीटरची पेटी १४० अंशांना सुटली आणि सक्रियण ऊर्जा १०० किलोज्यूल निघाली, तर तोच माल २.५ सेंटिमीटरला १८७ पर्यंत टिकेल, एक मीटरच्या घनात ८० पर्यंत, दोन मीटरला ६६, तीन मीटरला ५८. संयुक्त राष्ट्रांच्या वाहतूक नियमांतली १० सेंटिमीटर पेटी, १४० अंश, २४ तास ही चाचणी याच विचारावर उभी आहे. लोणारी कोळशाच्या आधाराने त्यांनी ती २७ घनमीटर माल ५० अंशांना तग धरेल का, याच्याशी जोडली. मालाचं तापमान २०० च्या वर गेलं तर नापास.

त्यातली एक पेटी नायट्रोजनखालीही चालवायला सांगा. हवेत सुटते आणि नायट्रोजनमध्ये गप्प राहते, तर तुमचा शत्रू प्राणवायू आहे आणि लायनर, बंद ड्रम, इनर्टिंग (हवा काढून नायट्रोजन भरणं) यांचा विचार करता येईल. दोन्हीकडे सुटत असेल तर जंबो बॅग विसरा आणि जुन्या २५ किलोंवर परत जा. नमुना पाठवताना मात्र एफबीडीचा ताजा, हाडकोरडा माल पाठवा. रिटेन सॅम्पलच्या (जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्याच्या) बाटलीतला, वर्षभर लॅबच्या हवेत ओलावा पिऊन शांत झालेला माल पाठवलात तर रिपोर्ट पुन्हा छान येईल, आणि मॅनेजर पुन्हा बिडीकडे वळतील.